मोर्शीची माती : काळी आणि पांढरी

मोर्शी म्हटले की लोकांना संत्री आठवतात. अमरावतीहून जाताना संत्र्यांचे बगीचे लागतात, कपाशी-तुरीची काळीभोर शेते लागतात. आम्ही मात्र मोर्शीला गेलो ते माती पाहायला. ज्या मातीत आपल्या आयाबहिणींचा जन्म निंदण-खुरपणात जातो, तिच्या अंगचे गुण आपल्या मुलांनाही ठाऊक असावेत.

मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. १९९३ साली पूर्ण झालेले हे धरण मुख्यतः मातीचे आहे. लांबी ५,९२० मीटर, म्हणजे जवळजवळ सहा किलोमीटर. पायापासून उंची ४६ मीटर. सांडव्याला १३ दरवाजे. एवढे पाणी मातीने कसे अडते? आपल्याकडे मातीच्या धरणाच्या पोटात चिकण काळी माती थराथराने दाबून भरतात. तिचे कण इतके बारीक असतात की दाबून बसल्यावर पाण्याला वाट सापडत नाही. बाहेरून मुरूम आणि दगड तिला आधार देतात. अमरावती शहर याच धरणाचे पाणी पिते.

पण हीच काळी माती घराला दगा देते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे थर वहीच्या पानांसारखे. पानांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंती तडकतात. म्हणून घरकुल बांधणाऱ्या आमच्या बांधवांना सांगणे आहे, की काळी माती काढून पाया मुरमापर्यंत न्या आणि जाणत्या मिस्त्रीला विचारल्याशिवाय काम सुरू करू नका.

आपल्या वाडवडिलांना हे पुस्तकाविना कळत होते. शेताला ते ‘काळी’ म्हणत आणि गावठाणाला ‘पांढरी’. भिंतीला आणि धाब्याला पांढरी माती वापरत. तिच्यात कुटार कालवून, तुडवून, काही दिवस मुरवून मग भिंत घालत. कुटारामुळे भिंतीला भेगा कमी पडत. जाड भिंतीमुळे वैशाखातही घर थंड राही. पावसाळ्याआधी भिंती लिंपण्याचे आणि जमीन सारवण्याचे काम बायांचे. कोणत्या मातीत किती शेण, किती कुटार, हे त्यांच्या हाताला कळे. या विद्येला कोणी कारागिरी म्हटले नाही, की तिची मजुरीही दिली नाही.

कुंभाराचीही तीच कथा. नुसत्या चिकण मातीचे मडके वाळताना तडकते, म्हणून तो तिच्यात राख, लीद किंवा बारीक वाळू मिसळतो. आव्यात भाजलेल्या माठाला बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी झिरपते, वाऱ्याने उडते आणि आतले पाणी गार होते. विजेचे बिल न येणारे हे यंत्र गरिबाच्या घरी आजही चालते. लांब रोटीही उपड्या मडक्यावरच भाजली जाते.

मात्र मातीच्या कौतुकात एक गोष्ट विसरून चालणार नाही. गावकुसाच्या भिंतीही याच मातीच्या होत्या आणि आमच्या बापजाद्यांना त्या भिंतींबाहेर राहावे लागले. दोष मातीचा नव्हता. भिंत कोणासाठी आणि कोणाविरुद्ध घालायची, हे माणसांनीच ठरवले होते.

धरणाचेही तसेच आहे. काळ्या मातीने पाणी अडवले, बगीच्यांना आणि शहराला ते मिळाले. पण कित्येकांची काळी आणि पांढरी दोन्ही त्या पाण्याखाली गेली. योग्य मोबदला आणि मुलांना नोकरी मिळावी म्हणून अप्पर वर्धाच्या धरणग्रस्तांनी मोर्शीत धरणे धरले. अखेर २९ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांनी मुंबईत मंत्रालयाच्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. धरण पूर्ण होऊन तेव्हा ३० वर्षे झाली होती.

तेव्हा सहलीला सिंभोऱ्याला जरूर जा. मुलांना १३ दरवाजे दाखवा, मूठभर काळी माती भिजवून ती कशी फुगते तेही दाखवा. आणि या पाण्याखाली कोणाची घरे आहेत, हेही त्यांना सांगा.