कापसाच्या वाटेवरची राखण

वऱ्हाडातल्या आमच्या चांदूर रेल्वे गावाहून समुद्र गाठायचा तर रात्र गाडीत काढावी लागते. तरी या मातीचं समुद्राशी नातं जुनं आहे. १८६७ साली मुंबईहून निघालेले रूळ आमच्या शिवारातून नागपूरला पोचले आणि पऱ्हाटीवर फुटलेल्या बोंडाला बंदराची वाट मिळाली. रुईच्या गाठी जिथून जहाजात चढत, त्या मुंबई बंदराच्या राखणीला दोन चिलखती युद्धनौका होत्या: ‘मॅगडाला’ आणि ‘ॲबिसिनिया’. त्यांच्यावर माझा जीव जडला आहे.

दोघी १८७० साली लंडनमध्ये, थेम्सच्या काठी पाण्यात उतरल्या. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून गेलेल्या फौजेनं ॲबिसिनियातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला, मॅगडाला किल्ला जिंकला होता; नावं त्या विजयाची. दोन फिरते बुरूज, प्रत्येकात दहा इंची दोन तोफा. डेक पाण्याला इतका लागून की खवळलेल्या समुद्रात लाटा सरळ वरून जाव्यात. लांबच्या प्रवासासाठी ‘मॅगडाला’वर तीन तात्पुरत्या डोलकाठ्या उभ्या कराव्या लागल्या. मुंबईला आल्या, त्या कायमच्याच.

मग रशियाची धास्ती वाढत गेली. १८८५ साली अफगाण सीमेवरच्या पंजदेहच्या चकमकीनंतर इंग्रज आणि रशिया युद्धाच्या उंबरठ्यावर आले. तरी मुंबईवर रशियन आरमार चालून आलं नाही. १८९२ साली जुन्या तोफा उतरवून नव्या आठ इंची तोफा बसवल्या. त्यांनाही लढाई दिसली नाही. १९०३-०४च्या सुमारास दोघी विकल्या गेल्या.

लढाईवाचून सरलेलं हे आयुष्य मला रितं वाटत नाही. जागलीला गेलेल्या माणसाच्या शेतात रात्रभर एकही रानडुक्कर शिरलं नाही, तर त्याची रात्र वाया गेली असं कोणता शेतकरी म्हणेल?

मात्र ही राखण व्यापाराची होती. १८९९-१९००च्या दुष्काळात वऱ्हाडातली माणसं अन्नावाचून मेली. कापूस पिकवणाऱ्या त्या हातांसाठी असा पहारा कुणी बसवला नव्हता.

‘मॅगडाला’ची थोरली बहीण ‘सेर्बरस’ १९२६ साली मेलबर्नजवळच्या हाफ मून बे इथं लाटा अडवण्यासाठी बुडवली गेली. तिचा गंजलेला सांगाडा तिथले लोक आजही जपतात. मुंबईच्या बंदरातही या दोघींच्या नावाची पाटी लागावी, आणि तिच्यावर वऱ्हाडच्या कापूसकऱ्यांसाठी एक ओळ असावी.