आज किती?

डिसेंबर लागला की आमच्या घरात सकाळी पहिला आवाज थोरल्याचा. "आई, आज किती?" ओसरीच्या खांबाला त्याने तापमापक टांगलाय, पण गोधडीतून बाहेर यायची तयारी नसते. मग दार उघडून आकडा मीच बघायचा, आणि वहीत त्याने लिहायचा.

आमचा मळा निफाड तालुक्यात. राज्यातलं सगळ्यात कमी तापमान पुष्कळदा आमच्याकडेच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलं जातं. पेपरात महाबळेश्वरच्या वर निफाडचं नाव आलं की पोराची छाती फुगते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथे पारा १.८ अंशांवर आला होता. थोरला तेव्हा नीट बसतही नव्हता, पण हा आकडा असा सांगतो जणू स्वतःच मोजून आला. "पप्पा, यंदा मोडेल का?" असं तो जेवताना विचारतो. त्याचे पप्पा भाकरी मोडतात आणि ताटाकडे बघतात.

ह्यांच्या गप्प बसण्याचं कारण दारापुढच्या द्राक्षबागेत आहे. ऑक्टोबरात छाटणी झालेली, घड भरत आलेले. मण्यांत पाणी उतरत असताना पारा चार-पाच अंशांवर घसरला की मण्यांना तडे जातात. तडकलेला माल व्यापारी घेत नाही. मागे लागलेल्या बागांत मण्यांची फुगवण थांबते, ते वेगळंच. घरात थंडी हवीहवीशी वाटणारं दुसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांचा विहिरीपलीकडच्या गव्हावर जीव. थंडी पडली तर गव्हाला फुटवे चांगले येतात. "पडू दे की जरा," त्या म्हणतात, आणि ह्यांच्याकडे बघून लगेच, "तुझ्या बागेवर नको, माझ्या वाफ्यांवर!"

एका शनिवारी रात्री वारा पडला, आभाळ लख्ख झालं. अशी रात्र आम्हाला कळते. दुसऱ्या दिवशी शाळा नव्हती, त्यामुळे पोरांनी हट्टच धरला. पहाटे चारला सगळे बागेत. धाकटीला कानटोपी, त्यावर माझा स्कार्फ, त्यावर शाल. फक्त नाक दिसत होतं, तेही वाहणारं. ह्यांनी ठिबक सोडलं. विहिरीचं पाणी अशा वेळी हवेपेक्षा बरंच कोमट असतं, त्यानं मुळांशी जमीन फार गार पडत नाही. छाटणीच्या वाळलेल्या काड्या आणि ओलसर पाचट ओळींच्या कडेला ठिकठिकाणी रचून ठेवलं होतं. ते पेटवायचं, पण भडकू द्यायचं नाही. धूर हवा, जाळ नको. वारा नसला की धूर वर जात नाही, मांडवाखालीच पसरून राहतो. डोळे चुरचुरतात, कपड्यांना वास लागतो तो दोन धुण्यांत जात नाही.

थोरल्याने तापमापक सोबत आणला होता. धुरात एकदा, बांधावर एकदा, असा तो पळत होता. दोन्हीकडच्या आकड्यांत दोन अंशांचा फरक निघाला. त्याने पप्पांना ओरडून सांगितला धुरातला, आणि वहीत लिहिला बांधावरचा. मी काही बोलले नाही. विक्रम करायचा तर एवढं राजकारण लागतंच.

उजाडल्यावर सासूबाईंनी शेकोटीच्या निखाऱ्यांवर हरभऱ्याचे डहाळे टाकले. हुळा खाऊन दोघांची तोंडं काळी. ह्यांनी बॅटरी विझवली आणि एकेक घड उचलून बघत ओळीतून फिरत राहिले. चहा तिथेच नेऊन दिला.

घरातली थंडी त्यामानाने सोपी, पण कटकटीची. बंब पेटवायचा, धाकटीला आंघोळीला ओढायचं, तिने "कालच केली" म्हणून ओरडायचं. टाचांना आमसुलाचं तेल, ओठांना साय. डिंकाच्या लाडवांतले खोबऱ्याचे तुकडे तेवढे वेचून खाल्ले जातात. रविवारी दुपारी मुलांना नांदूरमध्यमेश्वरला नेलं. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथला हा बंधारा, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालेला. धाकटीला उथळ पाण्यातले वारकरी पक्षी आवडले, काळे अंग आणि कपाळाला पांढरा टिळा. थोरल्याला एकच प्रश्न: चक्रवाक लडाखकडून येतात, मग त्यांना निफाडची थंडी वाटते तरी का?

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी झाली, पुतण्याचं बोरन्हाण झालं, आणि पाठोपाठ आभाळ भरून आलं. पारा थेट चौदावर. थोरल्याने वही दप्तरात कोंबली. सासूबाई गव्हाच्या पानांवर मावा शोधत फिरू लागल्या. ह्यांनी थंडीची काळजी सोडून भुरीची धरली आणि फवारणीचा पंप धुवायला घेतला. खूश होती ती धाकटी. त्या दिवशी तिला आंघोळीला कुणाला ओढावं लागलं नाही.