आठाचा नऊ

पस्तीस वर्षे मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. प्रगतिपुस्तकावरची खाडाखोड ओळखण्यात आमच्या शाळेत माझा हात धरणारा कोणी नव्हता. इंग्रजी तीनाचा आठ करणारे तर दर सहामाहीला दोन-तीन तरी सापडत. मुलगा समोर मान खाली घालून उभा असे. मी एवढेच विचारायचो, "हा आठ तुझा की माझा?" पुढचे सगळे तो आपणहून सांगायचा.

हे आज आठवायचे कारण म्हणजे गेल्या वर्षी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मला कोणीतरी आठाचा नऊ करून दिला आणि मी तो साडेपंधरा हजार रुपये मोजून घेतला.

सुरुवातीपासून सांगतो. आमचे वडील, अण्णा, तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्याकडे पत्र्याचा एक डबा होता आणि त्यात सहाव्या जॉर्जचे रुपये, प्रत्येक सालाचा एक, अशा कागदी पुड्या होत्या. पुडीवर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात साल. १९३८ ची पुडी भरलेली, १९४० पासून १९४५ पर्यंतच्या भरलेल्या, १९४७ चा निकेलचा रुपयासुद्धा होता. १९३९ ची पुडी मात्र रिकामी. अण्णा त्याच साली मॅट्रिक झाले होते, त्यामुळे तो रुपया आपल्याकडे असावा असे त्यांना फार वाटे. १९८७ साली ते गेले, पुडी रिकामीच राहिली.

ज्यांना नाण्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. १९३९ पर्यंतचा रुपया उच्च प्रतीच्या चांदीचा, म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी. महायुद्धात चांदीची चणचण झाली आणि १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. पुढे सरकारने जुने, चांगल्या चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले. १९३९ चा रुपया म्हणजे त्या जुन्या चांदीचा शेवटचा, आणि आज तो फार क्वचित दिसतो. जाणकारांच्या लिलावात त्याची किंमत लाखाच्या घरात जाते. १९३८ चा मात्र भरपूर सापडतो. आता इंग्रजी आठाच्या खालच्या पोटाची डावी बाजू तासली की काय होते, ते वाचकांनी कागदावर काढून बघावे.

मुलाने घेऊन दिलेल्या टॅबवर एका लिलावाच्या साईटवर मला हा रुपया दिसला. "आजोबांच्या पेटीतून" असे खाली लिहिले होते. मला तेवढे पुरले. माझे अण्णा, त्याचे आजोबा! खरा असता तर तो लाखात जायचा, हजारात कसा मिळेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. उलट वाटले, बिचाऱ्याला किंमत माहीत नाही. आता लाज वाटते, पण खरे सांगायचे तर फसणाऱ्याच्या मनातही थोडे फसवणे असतेच. समोरच्याला कळत नाही आणि मला कळते, या आनंदात मी होतो.

या साईटवरची बोली अशी असते. तुम्ही तुमचा कमाल आकडा सांगून ठेवायचा. दुसऱ्याने बोली लावली की यंत्र तुमच्या वतीने एकेक पायरी वर चढते आणि कमाल आकड्याला थांबते. ही सोय खरे तर माणसाला वाचवण्यासाठीच आहे. मी दहा हजार ठरवले होते. शेवटच्या दहा मिनिटांत कोणीतरी पुढे गेला आणि मी आकडा बदलला. मग पुन्हा बदलला. समोर सेकंद उलटे मोजले जात असताना चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस नऊ वर्षांचा होतो. शेवटी सतरा हजारांवर गेल्यावर हात थांबला आणि रुपया दुसऱ्याला गेला.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा निरोप आला. "सर, ज्यांना मिळाला त्यांनी माघार घेतली. तुम्हाला साडेपंधरात देतो. साईटवरून नको, तिथे कमिशन जातं. थेट पाठवा." सर म्हटले की आम्ही मास्तर लोक विरघळतो. मी मोबाईलवरून पैसे पाठवले.

हे पैसे कुठले, ते सांगायचे राहिले. सौ.ला दोन वर्षांपासून कमी ऐकू येते. तिच्या कानाच्या यंत्रासाठी आम्ही पेन्शनमधून थोडे थोडे बाजूला टाकत होतो. त्यातलेच हे.

रुपया आला. मी तो सराफाकडे नेला. चांदीचा रुपया म्हणजे पूर्वीचा एक तोळा, ११.६६ ग्रॅम. सराफ लोक रुपयाच वजन म्हणून वापरत. काट्यावर साडेअकराच्या थोडे वर भरले, म्हणजे वापरातली झीज धरून बरोबर. चांदीही चोख निघाली. मी घरी येऊन अण्णांच्या पुडीत तो ठेवला आणि तसबिरीला नमस्कार केला.

आठ दिवसांनी माझे एक मित्र, निवृत्त पोस्टमास्तर, घरी आले. त्यांना टपाल तिकिटांचा आणि नाण्यांचा जुना नाद. मी मोठ्या ऐटीत पुडी उघडली. त्यांनी खिशातले दहापट भिंग काढले, बराच वेळ बघितले आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिले. मग म्हणाले, "गुरुजी, या सालात नऊ दोनदा आहे. दोन्ही नऊ एकाशेजारी एक ठेवून बघा."

पहिला नऊ गोल, गुळगुळीत, सगळीकडून सारखा झिजलेला. शेवटच्या नवाच्या पोटाशी मात्र ओरखडे होते, आणि तिथली पाठ किंचित खोल व चकचकीत होती. म्हणजे नाणे खरे होते, चांदी खरी होती, वजन खरे होते. खोटे फक्त साल होते. म्हणून काटा आणि कस काही बोलले नाहीत. मी तपासले होते, पण जे खोटे असू शकते ते सोडून बाकी सगळे तपासले होते.

मी कोणाला सांगितले नाही. तीन आठवडे. पोस्टमास्तरांनाही गळ घातली, कुठे बोलू नका. विक्रेत्याला चार निरोप पाठवले, चारही अनुत्तरित. साईटकडे गेलो तर व्यवहार त्यांच्यामार्फत झालाच नव्हता, त्यामुळे त्यांचे पैसे परत देण्याचे नियम मला लागू नव्हते. कमिशन वाचवायच्या नादात मी माझे कुंपण स्वतःच काढून टाकले होते. आणि सौ.ने यंत्राचे विचारले की मी म्हणायचो, दुकानात माल नाही, पुढच्या महिन्यात येईल. म्हणजे मीही आठाचा नऊ करू लागलो होतो.

शेवटी एका रात्री राहवेना, म्हणून सांगायला बसलो. आता गंमत बघा. ज्या यंत्राचे पैसे घालवले ते नसल्यामुळे तिला ऐकू जाईना. मी हळू बोललो, ती म्हणाली, "काय?" पुन्हा बोललो, पुन्हा "काय?" कबुली हळू आवाजात द्यायची सोयच नव्हती. "अगं, मी फसलो! तुझ्या यंत्राचे पैसे गेले!" हे मला ओरडून सांगावे लागले, आणि समोरच्या बिऱ्हाडातला दिवा लागला.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अहो, मला कमी ऐकू येतं, कमी कळत नाही. तीन आठवडे तुम्ही जेवताना माझ्याकडे बघत नाही." आणि मग, "मुलाला फोन लावा."

मुलाने आधी विचारले, "बाबा, त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तक्रार लगेच गेली तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत बँकेला अडवता येतात. आम्ही तक्रार नोंदवली, पण तीन आठवड्यांत पैसे कधीच पुढे गेले होते. माझे पैसे विक्रेत्याने नेले हे खरे. पण ते परत मिळण्याची जी काही आशा होती, ती माझ्या लाजेने घालवली. फसवणाऱ्याचा धंदा आपल्या अज्ञानावर जेवढा चालतो, तेवढाच आपल्या लाजेवर चालतो. गुरुजी फसले असे लोक म्हणतील, याची मला पैशांपेक्षा जास्त भीती होती.

त्यानंतर मी पुन्हा विद्यार्थी झालो. माझा आवडता दाखला लासलगावच्या कांद्याचा. तिथला व्यापारी ट्रॉलीतला कांदा हाताने वरखाली करून बघतो, मगच बोली लावतो. ऑनलाईन लिलावात कांदा हातात येत नाही, म्हणून प्रश्न जास्त विचारावे लागतात. सालाचा जवळून फोटो मागावा, कडेचा मागावा, दोन्ही बाजूंचे मागावेत, वजन लिहून मागावे. खरा विक्रेता कंटाळत नाही. "वेळ नाही, दुसरे गिऱ्हाईक आहे" म्हणणाऱ्याला आपणही वेळ नाही म्हणावे. विक्रेत्याबद्दल आधीच्या गिऱ्हाइकांनी काय लिहिले आहे ते वाचावे, त्यातही तक्रारी आधी वाचाव्यात. वस्तू परत घेण्याची अट लेखी असावी. पैसे साईटच्याच मार्गाने द्यावेत. आणि पार्सल उघडताना मोबाईलवर चित्रण करावे, वाद झाला तर उपयोगी पडते.

काही खोटी नाणी तर इतिहासाच्या मास्तरानेच ओळखायला हवीत. राम-सीतेचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली, १६१६, १७१७, १८१८ अशी साले घातलेली "आण्या"ची नाणी जिकडेतिकडे विकायला असतात. कंपनीचे सगळ्या मुलुखासाठी एकसारखे नाणे निघाले ते १८३५ साली. १८१८ ला पेशवाई बुडाली, हे सहावीतले पोरही सांगेल. त्या साली कंपनी आण्यावर राम-सीता कशाला घालील? ही नाणी कोणाच्याही राज्यात चलनात नव्हती. देवघरात ठेवायची तर खुशाल ठेवावीत, पण लाखांच्या आशेने घेऊ नयेत.

उलट्या बाजूची फसवणूकही आहे. मध्यंतरी मलाच फोन आला, "तुमच्या वडिलांचे रुपये पंचवीस लाखांना जातात, रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, फक्त आधी कर भरा." रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत नसते, कसलेही शुल्क मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. आणि पैसे घ्यायला पिन घालावा लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. हे वाक्य मी कागदावर लिहून टॅबच्या पाठीला चिकटवले आहे.

परदेशातल्या आमच्या नात्यातल्या मुलांना एक सांगणे. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. "शिवराई पोस्टाने अमेरिकेला पाठवतो" म्हणणारा विक्रेता एकतर खोटी शिवराई विकतो, नाहीतर खरी विकून तुम्हाला गुन्ह्यात ओढतो.

यंत्र चार महिने उशिरा आले, पण आले. त्यानंतर एका लिलावात मी पुन्हा बोली लावली. या वेळी नाणी आधी प्रत्यक्ष बघायला ठेवली होती, तिथे पोस्टमास्तरांना बरोबर घेऊन गेलो. मला एक साधी शिवराई हवी होती, एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपती". लिलावकर्त्याचे कमिशन आणि कर धरून माझा कमाल आकडा कागदावर लिहिला आणि कागद सौ.च्या हातात दिला. बोली त्या आकड्यावर गेली तशी ती म्हणाली, "पुरे." शिवराई दुसऱ्याला गेली. त्या रात्री मला छान झोप लागली.

अण्णांची १९३९ ची पुडी पुन्हा रिकामी केली आहे. तो रुपया वेगळ्या पुडीत घातला आणि वर माझ्या अक्षरात लिहिले, "१९३८. खाडाखोड केलेला." शेजारी सही केली. आमच्या शाळेत खाडाखोडीशेजारी सही असल्याशिवाय ती ग्राह्य धरत नसत.

परवा सौ. म्हणाली, "वाजवा बघू तो." पूर्वी रुपया वाजवूनच घेत. मी फरशीवर टाकला. नव्या यंत्रातून तिने नीट ऐकला, पार तो स्थिर होईपर्यंत.

"खणखणीत आहे की," ती म्हणाली. "बिचाऱ्याचा काय दोष?"