एका ‘ळ’ची सपाटी

समीक्षेच्या परिभाषेत ‘सपाट’ हे दूषण आहे. सपाट व्यक्तिरेखा, सपाट निवेदन, सपाट शैली. जणू सपाटपणा आपोआप येतो आणि कष्ट पडतात ते फक्त उंचसखलपणाला! लाकडी टाइपाच्या जगात नेमके उलटे आहे.

बंद पडलेल्या एका छापखान्यातून आमच्या मराठी विभागाकडे भित्तिपत्रकांसाठी वापरलेल्या, सुमारे सहा इंच उंच लाकडी अक्षरांचा संच आला. त्यात ‘ळ’ नव्हता. (ही उणीव क्षुल्लक वाटणाऱ्यांनी ‘काळ’, ‘ओळ’, ‘बाळ’ हे शब्द ‘ल’ घालून वाचून पाहावेत.) 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचे भित्तिपत्रक याच अक्षरांतून छापायचे ठरले होते. त्या छापखान्यातले निवृत्त खिळेजुळारी काका छापायला आनंदाने तयार झाले, पण त्यांची एक अट होती. पायापासून मुखापर्यंत 0.918 इंच, म्हणजे सुमारे 23.3 मिलिमीटर, ही बाकीच्या अक्षरांची उंची नव्या ‘ळ’ने कोपऱ्याकोपऱ्यात पाळली पाहिजे. “कागदाएवढा खड्डा असला तरी शाई चुकते, सर,” ते म्हणाले. “मग खाली चिकट्या लावत बसायचं.”

‘ळ’ कापून घेण्यासाठी आम्ही संगणकचलित राउटर असलेली एक कार्यशाळा गाठली. अक्षरांच्या दुनियेत हे यंत्र परके नव्हे. डॅरियस वेल्स या न्यूयॉर्कच्या मुद्रकाने 1827 साली लाकडी टाइप मोठ्या संख्येने करता यावेत म्हणून राउटर वापरात आणला. 1834 साली विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ जोडला, आणि एका नमुन्यावरून लहानमोठी अक्षरे कापणे सोपे झाले. आज पँटोग्राफच्या जागी संगणक आहे, एवढाच फरक.

शिसवीचा ठोकळा यंत्रावर चढला. आधी त्याचे मुख सपाट करायचे, मग अक्षर कोरायचे. 25 मिलिमीटर व्यासाचे सपाट बिट समोरून मागे जाते, 10 मिलिमीटर बाजूला सरकते, पुन्हा तसेच जाते. समोरून पाहता पृष्ठभाग आरशासारखा दिसत होता. दिवा आडवा धरला तेव्हा मात्र दर 10 मिलिमीटरला एकेक बारीक पायरी उमटलेली दिसली, नांगरलेल्या शेतासारखी. पॉलिश पेपरने घासावे, ही आमची सूचना कारागिराने ऐकूनच घेतली नाही. “घासून कडा गोल होतील, मॅडम. स्पिंडल तिरका आहे.”

पुढचा दिवस आमच्या दृष्टीने एखाद्या पाठचिकित्सेपेक्षा कमी नव्हता. प्रथम गुण्या: यंत्राची आडवी कमान दोन रुळांवर चालते आणि तिची एक बाजू पुढे असली, तर चौकोनाचा समांतरभुज होतो. एक मोठा आयत कापून दोन्ही कर्ण मोजले, ते समान निघाले. मग टेबल. त्यावर जाड काच ठेवून डायल गेजची सुई तिच्यावरून फिरवली. टेबल समांतर हवे ते जमिनीला नव्हे, यंत्राच्या चालीला. पाणसळीचा येथे उपयोग नाही. सुई सर्वत्र एकच आकडा दाखवू लागेपर्यंत काचेखाली पातळ पत्रे सरकवावे लागले. त्यानंतर गेज स्पिंडलला आडव्या दांडीने बांधून 250 मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ हाताने फिरवले. डावीउजवीकडे पूर्ण 1 मिलिमीटरचा फरक! म्हणजे बिट 10 मिलिमीटर सरकले की 0.04 मिलिमीटरची पायरी. केसाहून बारीक खरी, पण शाईला ती पुरते.

डावीउजवीकडचा तिरकेपणा चार बोल्ट सैल करून, लाकडी हातोडीच्या टिचक्या मारून काढायचा. बोल्ट आवळला की सुई पुन्हा हलते. यातच दुपार गेली. पुढेमागे फरक 0.4 मिलिमीटरचा होता. बोल्टांमधले अंतर 125 मिलिमीटर, म्हणून एका टोकाखाली 0.2 मिलिमीटर जाडीचे काहीतरी हवे. साधा कागद सुमारे 0.1 मिलिमीटर जाड असतो. आमच्या वहीच्या कागदाच्या दोन पट्ट्या तेथे गेल्या. कागद दबतो, म्हणून नंतर त्यांची जागा पितळी पत्र्याने घेतली, याचे आम्हांस किंचित वाईट वाटले.

पण ती काच तरी सपाट कशावरून? फ्लोट काच वितळलेल्या कथिलावर तरंगत थिजते, तिची सपाटी त्या द्रवाकडून आलेली असते, असे उत्तर मिळाले. त्याआधीचे उत्तर जोसेफ व्हिटवर्थने 1840 साली ग्लासगोच्या सभेत मांडले होते. दोन लोखंडी पाट एकमेकांवर घासत गेलात तर ते तंतोतंत जुळतात, पण त्यांतला एक फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असू शकतो. तिसरा पाट घ्यावा लागतो. तिघांपैकी कोणतेही दोन जुळले, तरच तिघे सपाट. आम्ही दोघे उत्तरपत्रिका तपासतो तेव्हा गुण बहुधा जुळतात, आणि त्याचे आम्हांला समाधानही वाटते. तिसरा परीक्षक आम्ही अजून बोलावलेला नाही.

‘ळ’ दुसऱ्या दिवशी कापला. गोल बिटाला आतले टोकदार कोपरे साधत नाहीत. शिरोरेषेखालचे ते कोपरे काकांनी चाकूने काढले. पहिल्या ठशात शिरोरेषा सलग काळी उमटली, डावी वाटी भरीव आली, उजवीच्या तळाशी एक फिकट डाग राहिला. काकांनी ठोकळ्याखाली पातळ कागदाची एक चिकटी लावली. दुसऱ्या ठशात डाग नव्हता. भित्तिपत्रक वेळेवर लागले. ‘ळ’ आता खणात इतरांशेजारी आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते, तेव्हा आषाढात एकदा त्याची उंची पुन्हा मोजायला काकांनी सांगितले आहे.