सुंठ, नांगर आणि राजीनामा

कन्नड तालुक्यातून वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांत आणि तिथून पुढे पुण्याला गेलेल्या पिढीकडून आता एक बेत वारंवार ऐकू येतो. पगाराची नोकरी सोडायची, गावाकडे यायचे आणि मनाला पटेल असा धंदा काढायचा. आपला भाग आल्याचा, त्यामुळे हा बेत बहुतेक वेळा सुंठ, आलेपाक किंवा पावडरीपाशी येऊन थांबतो. या बेताच्या मी पूर्ण बाजूने आहे. मात्र सुंठीच्या कामात माझे एक मत पक्के झाले आहे. मनाला पटणे हे सुरुवात करायला पुरते, धंदा उभा राहतो तो मालाने आणि गिऱ्हाइकाने लावलेल्या कसोटीवर. त्या कसोटीला उतरण्यासाठी लागणारी शिस्त बहुतेकांनी नोकरीतच कमावलेली असते. गावाकडे येताना नेमकी तीच मागे टाकून येणे, ही मला या बेतातली सर्वांत मोठी जोखीम वाटते.

सुंठ म्हणजे वाळवलेले आले, इतकेच बाहेरून दिसते. खरे काम शेतातच सुरू होते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गादीवाफ्यावर लावलेले आले भाजीसाठी सहाव्या महिन्यापासून काढता येते. मुरंबा किंवा कँडी करायची तर तेच कोवळे, कमी तंतूंचे आले हवे. सुंठीला मात्र आठ महिने पुरे झालेले, पाला पिवळा पडून वाळलेले आले लागते. भाव चढला की शेतकरी आधीच काढणी करतो, आणि त्यात त्याचे काहीही चुकत नाही. कंदकुजीची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या माणसाने मिळणारा पैसा का सोडावा? पण असे अपुऱ्या मुदतीचे आले वाळवले की सुरकुतते आणि वजनाला हलके भरते. नंतरची प्रत्येक पायरीही अशीच नाजूक. आले रात्रभर पाण्यात ठेवले की माती सुटते आणि साल मऊ होते. ती बांबूच्या कामटीने वरवर खरवडायची, कारण लोखंडी सुरीने डाग पडतो आणि हात खोल गेला तर सालीला लागून असलेला तेलाचा भागच निघून जातो. सुंठीचा वास आणि तिखटपणा त्या पातळ थरावर बराच अवलंबून असतो. मग आठवडाभराचे कडक ऊन. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास उतरला नाही तर पोत्यात बुरशी ठरलेली. एवढे सगळे नीट झाले तरी साधारण पाच किलो आल्याची एक किलो सुंठ होते. आले तीस रुपये किलो असेल तर एका किलो सुंठीत कच्चा मालच दीडशेचा, ऐंशी झाले तर चारशेचा. मजुरी, वाहतूक, घट हे त्यावर.

हे गणित मातीच्या ओढीने बदलत नाही. ते पेलायला लागते ती आलेल्या मालाची तपासणी, प्रत्येक लॉटची वेगळी नोंद, नापास माल बाजूला काढण्याची हिंमत आणि दर किलोचा खर्च रोज मांडण्याची सवय. वाळूजच्या कोणत्याही कारखान्यातला क्वालिटी विभागातला मुलगा हे सगळे जाणतो. नोकरीची वर्षे वाया गेली असे तो म्हणतो तेव्हा मला खरोखर वाईट वाटते, कारण त्याचे पहिले भांडवल तीच वर्षे आहेत.

महाराष्ट्रात याचा सर्वांत बोलका दाखला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आहे. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली, एवढाच भाग बहुधा सांगितला जातो. मला त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे अधिक मोलाचे वाटते. बेळगावात 1888 मध्ये सुरू झालेला सायकलींचा धंदा नोकरीत असतानाच भावाच्या साथीने उभा राहिला होता. मग कडबा कापण्याचे यंत्र आले, आणि लोखंडी नांगर तयार झाला तो 1903 मध्ये. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. ज्या नांगराने त्यांचे नाव घरोघरी नेले, तो त्यांच्या पहिल्या दुकानानंतर पंधरा वर्षांनी आला. आणि त्या नांगरामागे मुंबईत यंत्रांत घालवलेल्या वर्षांचे शिक्षण होते.

यावर कोणी म्हणेल, किर्लोस्करांना औंधच्या राजांनी जागा आणि पैसा दिला, आम्हाला कोण देणार? औंधची मदत आणि किर्लोस्करवाडी ही 1910 ची गोष्ट. तोवर बावीस वर्षांचा धंदा लोकांसमोर होता, मदत त्या कामाला मिळाली. आज सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आहे, पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के आणि कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान मिळते. पण अनुदानाने यंत्र येते, गिऱ्हाईक येत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. तपासणी, नोंदी आणि हिशेबच करायचे तर नोकरी काय वाईट होती? फरक निर्णयाचा आहे. भाव पडलेल्या वर्षी गावातल्या शेतकऱ्याकडून किती दराने आले घ्यायचे, साल खरवडणाऱ्या बायांना रोज किती द्यायचा, चुन्याने पांढरी केलेली देखणी सुंठ विकायची की साधी मळकट दिसणारी, हे कंपनीत दुसरे कोणी ठरवते. इथे ते आपण ठरवतो आणि त्याची किंमतही आपणच मोजतो. धंद्याचे समाधान मला या निर्णयांत दिसते. ते निर्णय पुढच्या वर्षीही आपल्या हातात राहावेत म्हणून हिशेब चोख लागतो. ज्याच्या घरी कर्जाचे हप्ते आहेत आणि पगार एकाचाच आहे, त्याने थांबावे. त्यात कमीपणा नाही.

म्हणून बेत करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. राजीनाम्याआधी सुट्ट्यांत एक पूर्ण हंगाम सुंठ करा. ती नातेवाइकांना देऊ नका. पिशोर किंवा चाळीसगावच्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या किराणा दुकानदाराला रोखीने विका. त्याने पुन्हा मागितली, आणि त्या दरात तुमचा खर्च निघत असेल, तर खुशाल राजीनामा द्या.