तबकडीवरील नाव

मुंबईतील काळा घोडा येथील ‘रिदम हाउस’ 2016 साली बंद झाले. त्याच सुमारास माहीमला ‘द रिव्हॉल्व्हर क्लब’ हे विनाइल तबकड्या व त्या वाजविण्याची यंत्रे विकणारे स्वतंत्र दुकान उभे राहिले. चिंचवडहून सिंहगड एक्स्प्रेसने दादर आणि पुढे लोकलने माहीम गाठणारा रसिक तेथे बहुधा एका दुर्मीळ वस्तूच्या दर्शनाला जातो. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय विरते, असे वाल्टर बेंजामिनने 1936 सालच्या निबंधात प्रतिपादिले होते. येथे मात्र पुनरुत्पादित प्रतीलाच वलय लाभले आहे!

अशा दुकानात भोसरी-चाकणकडचा एखादा डायमेकर शिरला, तर तो वेष्टनावरील चित्र पाहणार नाही. तबकडी उजेडात तिरपी धरून लेबलालगतच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक तो आधी वाचील. तापवलेला गोळा दोन साच्यांमध्ये दाबायचा, थंड करायचा, कडेची फ्लॅश कापायची. ही क्रिया त्याच्या रोजच्या परिचयाची. त्याचे हे वाचन रसिकाच्या वाचनाहून उणे आहे काय?

1902 साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गायन मुद्रित केले. गायनाच्या अखेरीस ती आपले नाव इंग्रजीत उच्चारते. मूळ मुद्रणे दाबण्यासाठी जर्मनीत हानोव्हरला जात, आणि तेथील तंत्रज्ञांना गायिका ओळखता यावी, यासाठी ही योजना होती, असे सांगितले जाते. म्हणजे रसिकाला जी कलावतीची स्वाक्षरी वाटते, ती मुळात कारखान्यासाठी लावलेली खूण होती. आपल्या सौंदर्यविचाराला ही खूण ऐकू आली नाही. डायमेकरला ती तत्काळ कळावी.

नाट्यपदांबाबत तर ही उपेक्षा अधिकच जाणवते. समीक्षा पद वाचते ते छापील नाटकात. पण बालगंधर्वांचे पद रंगभूमीवर ‘वन्समोअर’गणिक वाढत जाई, लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर त्याला जेमतेम तीन मिनिटे मिळत. आलाप कोठे आखडला, कोणता अंतरा गळला, हे निर्णय संहितेचेच आहेत, आणि ते छापील पुस्तकात सापडत नाहीत. त्यासाठी तबकडीच मिळवावी लागते. मिळाली, तरी नव्या यंत्रावर ती नीट वाजेलच असे नाही: 78 फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला सुई निराळी लागते.