बापाचं नाव

दुसऱ्याच्या घरात वाढलेलं मूल लिहू लागलं की पहिली कविता बहुधा 'नाही'ची होते. आई नाही, बाप नाही, आपलं म्हणावं असं कोणी नाही. मी मावशीकडे वाढले, माझ्याही वह्या अशाच भरल्या. आता घाटकोपरला असल्फ्यातल्या मुलांबरोबर लिहायला बसते तेव्हा त्यांचं 'नाही' मी खोडायला लावत नाही. वाचून झालं की विचारते, "बरं, मग होतं काय काय?"

हा प्रश्न मला कवी नारायण सुर्व्यांनी दिला. १९२६ साली मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेलं तान्हं मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं उचलून घरी आणलं. त्यांच्या पत्नी काशीबाईही गिरणीतच राबत. दोघांनी त्याला नाव दिलं, आडनाव दिलं, शाळेत घातलं. पुढे ते कोकणात गावी परतले आणि कोवळा नारायण मुंबईत एकटा उरला. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, हमाल, गिरणी कामगार, मग महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि त्यानंतर मास्तर. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा कवितासंग्रह आला १९६२ साली.

'माझे विद्यापीठ' ही कविता कशी सुरू होते ते पाहा. घर नव्हतं, नातलग नव्हते, हे सुर्वे एका दमात सांगून टाकतात आणि लगेच काय होतं ते मोजू लागतात: चालायला जमीन, दुकानाचा आडोसा, फूटपाथ. उणीव ते लपवत नाहीत, पण तिथे मुक्कामही करत नाहीत. त्यांची पोरकी कविता इथेच माणसांनी भरू लागते.

त्याहून अवघड काम 'तुमचंच नाव लिवा' या कवितेत आहे. शरीर विकून जगणारी बाई पोराला शाळेत घालायला आली आहे आणि बापाच्या नावाची जागा रिकामी आहे. ज्याला स्वतःचं नाव एका परक्या माणसानं दिलं, त्या मास्तराकडेच ती नाव मागते. इथे कुठल्याही कवीला स्वतःची कहाणी सांगायचा मोह झाला असता. सुर्वे तिला बोलू देतात, तिच्याच बोलीत. सुर्व्यांचं मोठेपण मला इथे सर्वांत जास्त दिसतं.

आम्ही लिहायला बसतो तिथून चिरागनगर जवळच. तिथल्या झोपडीत राहणाऱ्या लेखक अण्णाभाऊ साठ्यांनी आपल्या वस्तीचं नाव थेट पुस्तकावर घातलं, 'चिरागनगरची भुतं'. मुलांना हे सांगितलं की ती आपापल्या गल्लीचं नाव न लाजता लिहितात. एका मुलीनं तर आत्या पहाटे नळावर कशी भांडते ते जसंच्या तसं उतरवलं. 'आई' हा शब्द त्यात कुठेच नव्हता, आणि तो असायला हवा होता असं ऐकताना कोणालाही वाटलं नाही.

शाळेतल्या बाईंना आणि सरांना माझी एक कळकळीची विनंती आहे. 'माझी आई' हा निबंध जरूर द्या, पण त्याच्या शेजारी फळ्यावर आणखी एक विषय लिहा: 'मला वाढवणारी माणसं'. कोणता निवडायचा ते मुलांना ठरवू द्या.